शौलपुत्र योनाथान

पवित्र शास्त्रातील योद्ध्यांची नावे विचारली असता आपल्या रविवारच्या शाळेतील मुले यहोशवा, गिदोन, शमशोन आणि दावीद ही नावे एका दमात सांगतात. योनाथानाचे नाव त्यांत क्वचितच येते, आणि आले तरी ते दावीदाचा मित्र म्हणून येते. मैत्रीवर उपदेश करावयाचा असला म्हणजे त्याची आठवण होते. परंतु इस्राएल लोकांत दावीदाचे नाव कोणास ठाऊकही नव्हते त्या काळी योनाथान हा सेनापती होता, आणि त्याच्या धनुष्याचा धाक पलिष्ट्यांस बसला होता. तो राजाचा वडील मुलगा, गादीचा वारस, आणि तरीही जन्मभर कोणत्या तरी दुसऱ्याच्या नावाखाली झाकला गेलेला असा पुरुष होता. आरंभी बापाच्या नावाखाली, पुढे मित्राच्या नावाखाली. त्याचे चरित्र शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तुकड्यातुकड्यांनी आले आहे. ते एकत्र करून वाचले असता जो मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याची आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस ओळख असणे फार अगत्याचे आहे.

सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पलिष्टी लोक समुद्रकिनाऱ्यावर राहत असत. गज्जा, अश्कलोन, अश्दोद, एक्रोन आणि गथ ही त्यांची पाच नगरे होती. इस्राएल लोक डोंगराळ भागात शेती करून राहत. लोखंडाची विद्या पलिष्ट्यांनी आपल्या हाती ठेविली होती. इस्राएलात एकही लोहार राहू द्यावयाचा नाही असा त्यांचा कायदा होता. त्यामुळे नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड किंवा विळा पाजळून घ्यावयाचा झाला की शेतकऱ्यास डोंगर उतरून शत्रूच्याच भट्टीवर जावे लागे. त्याबद्दल द्यावयाच्या मोलास पीम असे नाव मूळ ग्रंथात आहे. हा शब्द शास्त्रात ह्या एकाच ठिकाणी येतो, आणि त्याचा अर्थ पुष्कळ शतके कोणास कळत नव्हता. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तेथे कानस असा अर्थ केलेला आहे. पुढे विसाव्या शतकात त्या देशातील जमिनीत लहान लहान दगडी वजने सापडली व त्यांवर हाच शब्द कोरलेला आढळला. तेव्हा पीम म्हणजे शेकेलाचा दोन तृतीयांश भाग, असे निश्चित झाले. शेकेल म्हणजे वजनाने आपला जवळजवळ एक तोळा. अर्थात एक फाळ पाजळण्यास दोन तृतीयांश तोळा चांदी. गरीब कुळाने एवढे मोल वर्षानुवर्षे शत्रूच्या हातावर ठेवीत जावे, ह्यावरून त्या दास्याची कल्पना करावी. लढाईच्या दिवशी सर्व सैन्यात शौल व योनाथान ह्या दोघांपाशीच काय ती तरवार व भाला होता.

अशा स्थितीत पहिला वार योनाथानाने केला. शौलाने तीन हजार माणसे निवडली होती. त्यांपैकी दोन हजार स्वतःपाशी ठेवून एक हजार योनाथानास दिली. त्या एक हजारांनिशी त्याने गेबा येथील पलिष्ट्यांचे ठाणे मारिले. त्यानंतर शौलाने देशभर रणशिंग वाजविले, आणि लोकांच्या कानी बातमी गेली ती अशी की शौलाने ठाणे मारिले. हे वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो. येथे थोडे थांबावे अशी माझी वाचकांस विनंती आहे. काम मुलाने केले आणि कीर्ती बापाची झाली. योनाथानाने त्यावर काही म्हटल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. उपदेशकबंधूंनो, पावसाळ्यात चिखल तुडवीत तीन तीन वाड्यांत तुम्ही उपासना चालवावी, आणि वर्षाच्या अहवालात नाव मात्र दुसऱ्याचे यावे, ह्याचा अनुभव तुम्हांपैकी बहुतेकांस असेल. त्या वेळी मनात काय येते हे मला सांगावयास नको. योनाथानाच्या मनात काय आले हे आपणांस ठाऊक नाही. परंतु पुढल्याच अध्यायात तो पुन्हा कामावर निघालेला दिसतो.

ते काम मिखमाशच्या खिंडीचे. यरुशलेमेच्या ईशान्येस डोंगरात मुखमास नावाचे गाव आजही आहे, आणि त्याच्याजवळची खोल दरी पाहिली म्हणजे शास्त्रातील वर्णन डोळ्यांपुढे उभे राहते. दरीच्या दोन्ही बाजूंस दोन सुळके होते. एकाचे नाव बोसेस, दुसऱ्याचे सेने. पलीकडे पलिष्ट्यांची चौकी. अलीकडे शौलापाशी उरलेली सहाशे माणसे. बाकीचे लोक गुहांत, झुडपांत आणि विहिरींत लपून बसले होते. आम्ही देवबागेचे लोक समुद्र व कर्ली नदी ह्यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर राहतो. आम्हांस कडा चढणे म्हणजे काय हे ठाऊक नसते. पण सावंतवाडीहून आंबोलीच्या घाटाकडे जाऊन ज्याने वर पाहिले असेल त्याने मनात आणावे की रस्ता नाही, वर शत्रू बसला आहे, आणि हातापायांनी खडक धरीत चढावयाचे आहे.

योनाथान आपल्या बापास न कळविता निघाला. बरोबर एकच शस्त्रवाहक तरुण. त्याचे नावही लिहिलेले नाही. योनाथानाने त्यास एवढेच सांगितले की परमेश्वरास पुष्कळांच्या हातून सोडविणे आणि थोडक्यांच्या हातून सोडविणे सारखेच आहे. कदाचित तो आपणांसाठी कार्य करील. ह्यातील कदाचित हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. देव अमुक करीलच असे त्याने देवाच्या नावाने फुकट वचन दिले नाही. देव समर्थ आहे ह्याविषयी त्याची खातरी होती. तो आपल्याच मनाजोगे करील असा हट्ट नव्हता. आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करताना आपल्यांतील काही जण तो उद्या उठून बसेल असे छातीठोकपणे सांगतात. आणि तो उठला नाही म्हणजे घरच्या दुर्बळ विश्वासणाऱ्यांचा विश्वासही त्याच्याबरोबर मातीत जातो. योनाथानाचा कदाचित त्या बढाईपेक्षा अधिक विश्वासाचा होता, कारण तो शब्द उच्चारून तो खाली बसला नाही, कडा चढला. त्या दोघांनी अर्ध्या एकराएवढ्या जागेत सुमारे वीस माणसे पाडिली. इतक्यात भूकंप झाला, पलिष्ट्यांच्या छावणीत गोंधळ उडाला, आणि लपलेले इस्राएल लोक बिळांतून बाहेर पडून पाठलागात सामील झाले.

त्याच दिवशी शौलाने एक आततायी शपथ घातली. संध्याकाळपर्यंत, मी शत्रूंचा सूड घेईपर्यंत, जो कोणी अन्न खाईल तो शापित. सूड हा माझा, असे म्हणणारा तो राजा, आणि उपास मात्र सैन्याचा. पेज न घेता दिवसभर रापण ओढून पाहावी, म्हणजे त्या शिपायांची काय दशा झाली असेल ते समजेल. रानात मध गळत होता. लोक त्याच्याजवळून गेले पण शपथेच्या भयाने कोणी हात लाविला नाही. योनाथानास शपथेची वार्ता नव्हती. त्याने हातातील काठीचे टोक पोळ्यात बुडवून मध चाखला आणि त्याच्या डोळ्यांस तरतरी आली. कोणी तरी शपथेची गोष्ट सांगताच त्याने सर्वांसमक्ष स्पष्ट म्हटले की माझ्या बापाने देशास दुःख दिले आहे. पुढे चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी योनाथानावर आली, आणि ज्याने सकाळी राज्य राखिले त्याला संध्याकाळी ठार करावयास त्याचा बाप सिद्ध झाला. योनाथानाने केले ते कबूल केले आणि मरावयास तयार झाला. लोकांनी मध्ये पडून त्यास सोडविले म्हणून तो वाचला. आपल्या अंगची हौस देवाच्या नावावर मंडळीवर लादणारे वडील व पंच आजही आहेत. त्यांनी हा अध्याय एकदा सावकाश वाचावा.

आता दावीदाकडे वळू. चित्रांत दावीद व योनाथान हे दोघे समवयस्क तरुण दाखविलेले असतात. शास्त्रातील आकडे पाहिले तर तसे दिसत नाही. शौलाच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र ईश-बोशेथ गादीवर बसला तेव्हा तो ४० वर्षांचा होता, आणि शौलाच्या मुलांच्या यादीत योनाथानाचे नाव पहिले, तर त्याचे शेवटचे आहे. दावीद हेब्रोनात राजा झाला तेव्हा तो ३० वर्षांचा होता. म्हणजे योनाथान हा दावीदापेक्षा निदान दहा वर्षांनी, बहुधा त्याहूनही अधिक, वडील होता. गल्याथास मारून मेंढपाळाचा पोर राजापुढे उभा राहिला त्या वेळी योनाथान नावाजलेला सेनापती होता. गल्याथ चाळीस दिवस ललकारीत असता आपण का पुढे झालो नाही, ही टोचणी अशा योद्ध्यास लागणे साहजिक होते. आणि अशी टोचणी लागलेला मनुष्य बहुधा ज्याने काम केले त्याचाच द्वेष करू लागतो. शौलाचे तेच झाले. योनाथानाने आपला झगा, आपली वस्त्रे, तरवार, धनुष्य आणि कमरबंद काढून त्या पोराच्या अंगावर घातला. राजपुत्राचा झगा म्हणजे नुसते कापड नव्हे. आणि ज्या तरवारीच्या जोडीची तरवार एके काळी साऱ्या सैन्यात एकच होती, अशी वस्तू सहज देऊन टाकावयाची नसते. शाळेतून शिकून आलेला तरुण मास्तर रविवारी उपदेश करावयास उभा राहतो, लोक माना डोलावतात, आणि वीस वर्षे त्या चौरंगापाशी उभा राहिलेला जुना उपदेशक मागे बसून ऐकत असतो. त्या जुन्या बंधूने हा प्रसंग आपल्यासाठीच लिहिला आहे असे समजावे.

खरी कसोटी यापुढे आली. शौलाने दावीदास मारण्याची आज्ञा योनाथानासच दिली. येथून त्याच्या आयुष्याचे दोन धागे एकमेकांस ताणू लागले. एकीकडे बाप, जो देवाचा अभिषिक्त राजाही होता. दुसरीकडे ज्यास देवाने पुढे निवडले आहे असे त्यास कळून चुकले होते तो दावीद. दोन डगरींवर हात ठेवणारे लोक आपण पाहतो. ते इकडचेही गोड बोलतात आणि तिकडचेही. योनाथानाने तसे केले नाही. त्याने दावीदास सावध केले, आणि मग शेतात बापाशेजारी उभे राहून, लोकांच्या कचाट्यात न धरिता, एकान्तात त्याची समजूत घातली. दावीदाने जीव मुठीत धरून राज्य वाचविले होते आणि त्या दिवशी तुम्हांलाही आनंद झाला होता, ही आठवण त्याने बापास दिली. शौल विरघळला व त्याने शपथ वाहिली. ती शपथ फार दिवस टिकली नाही, हा योनाथानाचा दोष नव्हे.

मग चंद्रदर्शनाच्या सणाची ती मेजवानी. दावीदाची जागा रिकामी पाहून शौल भडकला. त्याने मुलाच्या आईचा उद्धार केला, आणि दावीद जिवंत आहे तोपर्यंत तुझे राज्य स्थिर व्हावयाचे नाही असे त्यास बजाविले. हे खोटे नव्हते, आणि योनाथानास ते बापाइतकेच ठाऊक होते. त्याने विचारिले की दावीदाने असे काय केले आहे म्हणून तो मरावा. उत्तर म्हणून बापाचा भाला त्याच्या अंगावर आला. तेव्हा तो रागाने पानावरून उठला आणि त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात बाण मारून ठरल्याप्रमाणे खूण दिली. पोरग्यास शस्त्रे देऊन गावात धाडिले. आणि ते दोघे योद्धे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मग दावीद रानात गेला आणि योनाथान नगरात परतला.

तो परतला, ही गोष्ट मला आपल्या नवविश्वासणाऱ्या बंधुभगिनींपुढे विशेषेकरून ठेवावयाची आहे. ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याच्या घरी बहुधा आईबाप, चुलते, आजी ही जुन्या मार्गाचीच असतात. सणावारी पान वाढले जाते, आणि त्या पानाबरोबर जे विवेकबुद्धीस पटत नाही तेही पुढे केले जाते. काही जण भांडण नको म्हणून मुकाट्याने सर्व करतात. दुसरे काही एकदा जे उठतात ते आईबापांच्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवीत नाहीत, म्हातारी अंथरुणास खिळली तरी विचारपूस करीत नाहीत, आणि ह्यालाच साक्ष म्हणतात. योनाथान पापाच्या पंक्तीवरून उठला. पण बापाच्या घरातून उठला नाही. दावीदाचा ठावठिकाणा त्याने बापास एकदाही सांगितला नाही, आणि बापाविरुद्ध दावीदाच्या टोळीत तरवारही उपसली नाही. रत्नागिरी जिल्ह्यात १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई व लहान मुलगा ही काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिली. टिळकांनी आपला मार्ग सोडला नाही व आपली माणसेही टाकली नाहीत. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. सर्वांच्याच घरी असा शेवट होतो असे नाही. योनाथानाच्या घरी झाला नाही.

त्या दोघांची शेवटची भेट जीफच्या रानात झाली. शौल तीन हजार नव्हे तर आपले सारे मन घेऊन दावीदाच्या मागे लागला होता. त्यास तो सापडेना, आणि त्याच्याच पुत्रास मात्र तो कोठे आहे हे ठाऊक होते. योनाथान तेथे गेला व त्याने देवाच्या ठायी दावीदाचा हात बळकट केला. बरोबर सैन्य किंवा धान्य नेल्याचे लिहिलेले नाही. भिऊ नको, माझ्या बापाचा हात तुला लागणार नाही, तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन, असा धीर त्याने दिला. वनवासात असलेल्या मनुष्याजवळ जाऊन गादीच्या वारसाने हे बोलावे, ह्याहून मोठा पराक्रम मिखमाशच्या कड्यावरही झाला नव्हता असे माझे मत आहे. ती खालोखालची जागा त्यास कधीच मिळाली नाही.

पलिष्टी पुन्हा चढून आले. इज्रेलच्या मैदानालगत गिलबोवाचा डोंगर आहे. तेथे इस्राएलाचा मोड झाला. योनाथान, अबीनादाब व मलकीशुवा हे तिघे भाऊ पडले. शौल घायाळ होऊन आपल्याच तरवारीवर पडला. काही उपदेशक येथे योनाथानास दोष देतात. त्याने राजवाडा सोडून वेळीच दावीदाच्या गुहेत जावयास हवे होते, म्हणजे जीवही वाचला असता आणि पदही मिळाले असते, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. त्या दिवशीची लढाई दावीदाशी नव्हती. देवाच्या लोकांवर आलेल्या शत्रूशी होती, आणि सेनापतीची जागा आपल्या माणसांत होती. बाप चुकला म्हणून लोकांस उघडे टाकून जाण्याची मोकळीक त्याला मिळत नव्हती. शास्त्राने त्याच्यावर ठपका ठेविलेला नाही. आपणही ठेवू नये. मात्र ज्यांस घरच्या चालीरीतींत गुपचूप सामील व्हावयाचे आहे त्यांनी योनाथानाची ढाल पुढे करू नये. तो भाल्यापुढे खरे बोलला होता.

पलिष्ट्यांनी ती प्रेते बेथ-शानच्या तटावर टांगिली. त्या नगराची टेकडी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी १९२१ ते १९३३ पर्यंत खणली, आणि तेथे त्या प्राचीन काळची देवळे व भिंती उघड्या पडल्या. याबेश-गिलादच्या लोकांस शौलाने फार पूर्वी एका क्रूर राजाच्या हातून सोडविले होते. ते उपकार स्मरून त्यांच्यातील शूर पुरुष रात्रभर चालत गेले, प्रेते उतरवून आणिली, अस्थी एका झाडाखाली पुरिल्या आणि सात दिवस उपास केला. पुढे दावीदाने त्या अस्थी तेथून आणवून बन्यामीनाच्या प्रांतात सेला येथे, योनाथानाच्या आजोबांच्या, म्हणजे कीशाच्या, थडग्यात ठेवविल्या.

गिलबोवाची बातमी आली तेव्हा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. दाई त्यास घेऊन पळताना तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. यार्देनेपलीकडे परक्याच्या घरी तो लहानाचा मोठा झाला. नवा राजा जुन्या राजाच्या घराण्यातील मुलांचे काय करतो हे त्या काळी सर्वांस ठाऊक होते. म्हणून बोलावणे आले तेव्हा तो भीतीने दावीदाच्या पाया पडला. परंतु त्याच्या बापाशी शेतात वाहिलेली शपथ दावीद विसरला नव्हता. शौलाची सर्व शेतजमीन त्यास परत मिळाली आणि राजाच्या पंक्तीस त्याचे पान नेहमी मांडले जाऊ लागले. त्यास मीखा नावाचा एक लहान मुलगा होता. पहिल्या इतिहासाच्या आठव्या अध्यायात ह्या घराण्याची पुढील पिढ्यांची नावे दिली आहेत. वाचताना आपण ती बहुधा गाळतो. तेथे अगदी शेवटी उलाम नावाच्या वंशजाच्या मुलांविषयी लिहिले आहे की ते शूर वीर व धनुर्धारी होते, आणि त्यांचे पुत्रपौत्र मिळून १५० होते.